चाकं ऐकणारा

दौंड स्टेशनवर एक जण रोज लांब दांड्याच्या हातोडीने गाडीची चाकं ठोकत जायचा. ठोकायचा, मान तिरकी करून ऐकायचा आणि मगच पुढे सरकायचा. तडा गेलेलं चाक म्हणे बद्द वाजतं. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, नुसतं 'मामा' म्हणायचो.

एकदा फलाटावर आमच्या जुन्या लाडक्या बँडची जाहिरात लागली. गिटारींच्या जोडीला चार व्हायोलिनं घेऊन ही पोरं रॉक वाजवायची, तेव्हा रेल्वेचा हॉल भरून जायचा. आता व्हायोलिनं गेली होती, नुसता दणदणाट उरला होता.

"मामा, जाणार का ऐकायला?"

"जानार की. पन पयल्यासारखं मन लागत न्हाई."

"वाट लावली त्यांनी!" मी तणतणलो.

"त्यांनी कुठं? व्हायोलिन सुरू झालं की 'जोरात वाजवा' म्हनून आपुनच वरडायचो." त्याने पुढचं चाक ठोकलं, ऐकलं. "पयल्यांदा व्हायोलिनाबिगर वाजवलं, तवाच मला बद्द ऐकू आलं व्हतं. चाक आसतं तर गाडी थांबवली आसती. तितं मातुर उठून टाळ्या वाजवल्या."

गाडी सुटली. व्हायोलिनांशिवायच्या त्या पहिल्या वेळी टाळ्या वाजवत सगळ्यांच्या आधी मीच उठलो होतो, हे मी त्याला सांगितलं नाही.