लघवीचा तक्ता

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आम्हा सहा मुलींना तीन महिन्यांसाठी महाडच्या एका दवाखान्यात पाठवलं होतं. माझ्याकडे बायकांचा वॉर्ड होता. पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीतून मी आलेली, घरात दहावीच्या पुढे गेलेली पहिलीच. पांढरा गणवेश चुरगळू नये म्हणून मी स्टुलावर बसतानासुद्धा जपून बसायचे. वॉर्डच्या मुख्य सिस्टर ते बघायच्या आणि म्हणायच्या, "बाई, हा गणवेश इस्त्री दाखवायला दिलाय की कामाला?"

भातकापणीचे दिवस होते. साप चावलेली माणसं एक दिवसाआड यायचीच. एका दुपारी उमरठकडच्या एका वाडीतून जीपमध्ये घालून पन्नाशीची एक बाई आणली. कापलेलं भात उचलताना खाली घोणस होती, ती घोट्याला चावली. पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. बरोबर फक्त सून. मुलगा मुंबईला कामाला. काचेच्या नळीत घेतलेलं तिचं रक्त वीस मिनिटांनंतरही न गोठता पाण्यासारखं हलत होतं. डॉक्टरांनी लगेच विषावरचं औषध सलाईनमधून सुरू केलं.

मी तिचा हात धरून नाडी मोजत होते, तर तेवढ्यातही ती विचारते, "तू कुठली गो?"

मी गाव सांगितलं.

"अगो बाय! ते तर माझं माहेर. कोणाची तू?"

मी वडिलांचं नाव सांगितलं, तशी तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. आमच्या गावची लेक म्हणजे नात्यानं माझी आत्या. त्या क्षणापासून ती खाट नंबर सात राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त गोठायला लागलं. आम्हाला वाटलं, सुटली. पण डॉक्टर म्हणाले, घोणशीचं विष किडनीवर जातं, आता लघवीवर लक्ष ठेवायचं. रक्त नुकतंच गोठायला लागलेलं, म्हणून लघवीची नळी घालून आत जखम करायची नव्हती. दर वेळची लघवी मापाच्या प्लास्टिकच्या जगात मोजून तक्त्यावर लिहायची. लघवी कमी होत गेली तर मुंबईला न्यायला लागणार होतं, कारण डायलिसिसचं मशीन जवळपास कुठेच नव्हतं. हे काम माझ्यावर सोपवलं.

रीत अशी होती की पडदा लावून बेडपॅन मीच द्यायचं, मीच उचलायचं, मीच मोजायचं. मी पॅन घेऊन गेले तर आत्यानं पाय आखडून घेतले.

"माहेरच्या पोरीच्या हातात असलं भांडं? मला पाप लावतेस काय?"

"आत्या, माझं कामच हाय ते."

"असंल काम. दुसऱ्यांचं कर. माझं सून करील."

खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. इतर खाटांची पॅनं मी नाक न मुरडता उचलत होते. पण गावच्या आत्याचं उचलायला माझाही हात पुढे होत नव्हता. मग असं ठरलं की सून पॅन पडद्याआत न्यायची, जगात ओतायची आणि जग दाराशी आणून धरायची. मी लांबूनच आकडा वाचून लिहायचे. पहिल्यांदा साठ मिली. मग चाळीस. रंग कोऱ्या चहासारखा.

नऊ वाजता डॉक्टर फेरीला आले. तक्ता हातात घेतला, माझ्याकडे बघितलं. "एवढीच?"

"हो सर."

"सगळी मोजतेस ना?"

"हो सर." मी मान खाली घातली.

"संध्याकाळपर्यंत वाढली नाही तर मुंबई," एवढं बोलून ते पुढच्या खाटेकडे गेले.

साडेदहाला सुनेनं जग आणला तर दोनशे मिली. रंग अगदी फिका. साडेबाराला तीनशे. मी जवळजवळ धावतच सिस्टरांना सांगायला गेले. डॉक्टर ओपीडीतून डोकावले, तक्ता बघून हसले. "छान. मग कशाला हलवायचं, इथेच ठेवू." सिस्टर, ज्यांच्या तोंडून चांगला शब्द आम्ही कधी ऐकला नव्हता, त्या दुसऱ्या मुलींना म्हणाल्या, "बघा जरा. तक्ता असा ठेवायचा असतो." मला आभाळ ठेंगणं झालं.

दोन वाजता सुनेचा पदर दाराच्या कडीत अडकला म्हणून मी सहज पुढे होऊन जग हातात घेतला. अडीचशे मिली होती.

जग गार होता. माठातलं पाणी असावं तितका गार.

आत्ताच अंगातून निघालेली लघवी कोमट असते. इतर खाटांचे जग धरून धरून माझ्या हाताला ते ठाऊक झालं होतं. मी वास घेतला. कसलाच वास नव्हता. मी सुनेकडे बघितलं, ती भिंतीकडे बघायला लागली.

"वहिनी, हे पाणी हाय."

"आईंनी सांगितलं," ती पुटपुटली. "सकाळी डॉक्टर तुम्हाला बोलले ना. आई म्हणाल्या, माझ्यापायी आपल्या पोरीला बोलणी बसतात. शाळेतनं काढतील तिला."

"आणि खरी किती झाली?"

"डॉक्टर येऊन गेल्यापासनं एकदा. जराशी. ती मी ओतून टाकली." मग आणखी हळू, "पाणीपण पीत नाय त्या. परत भांडं घ्यायला लागेल म्हणून."

मी जग घेऊन तिथेच उभी राहिले. तक्त्यावर माझ्या अक्षरात पाचशे मिली लिहिलेली होती, जी आत्याच्या अंगातून कधी बाहेर आलीच नव्हती. त्या पाचशेवर विसंबून डॉक्टरांनी मुंबई रद्द केली होती. आता गप्प राहून यापुढचं नीट मोजलं तर कोणाला कळणार नव्हतं, हा विचार माझ्या मनात आला. आला हे मी लपवत नाही. पण यापुढचं मोजायला आत्याकडे किती वेळ आहे, हेच कोणाला माहीत नव्हतं. सिस्टरांचं टेबल दहा पावलांवर होतं. मी गेले आणि सगळं सांगितलं. पॅन मी स्वतः उचललं नाही, हेसुद्धा.

सिस्टरांनी जग माझ्या हातातून घेतला. मग म्हणाल्या, "पाणीच मोजायचं होतं तर नळाला मीटर बसवला असता गं. तुला कशाला आणलं इथे?" आणि उठून डॉक्टरांना बोलवायला गेल्या.

डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी आत्याच्या पापण्यांची सूज बघितली, रक्त तपासायला पाठवलं, सलाईन वाढवलं आणि रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला सांगितलं, "गाडी काढून ठेव. सहा वाजता ठरवू." मला फक्त म्हणाले, "आता तू मोजायचं."

सिस्टरांनी तक्ता माझ्यापुढे ठेवला. "खाडाखोड नाही. एकच रेघ मार, शेजारी 'चूक' लिही, सही कर." मी दोन्ही आकड्यांवर रेघ मारली. मी सही केल्यावर त्यांनी पेन घेतलं आणि खाली स्वतःची सही केली. "मीही जग बघितला नव्हता," त्या म्हणाल्या. पुढे पदवी झाली, माझ्या हाताखाली मुली शिकायला लागल्या. त्यांच्याकडून चूक झाली की मला ती दुसरी सही दिसते.

मी पडदा लावला आणि आत्याच्या खाटेशी बसले.

"आत्या, डॉक्टर मला बोलत नव्हते. तुझी किडनी चालतेय का, तेवढंच विचारत होते."

"मग तू मान का खाली घातलीस?"

"सवय हाय," मी म्हटलं.

ती जरा हसली.

"आत्या, तुला मुंबयला न्यायला लागेल. नायतर त्याच्याहून वाईट होईल. मग मी गावात कुठल्या तोंडानं जाऊ? सांगू काय, आत्या लाजली आणि मी पाणी मोजत बसले?"

तिनं आखडलेले पाय सरळ केले. मग म्हणाली, "पाणी दे." मी मापाचा पेला भरून दिला. तो संपवून तिनं दुसरा मागितला.

सव्वातीनला ती म्हणाली, "आण तुझं भांडं. पण तिकडं तोंड कर."

मी पॅन दिलं आणि पाठ करून उभी राहिले. वॉर्डात पंखा कुरकुरत होता. बाहेर सून दाराला टेकून. कितीतरी वेळ काहीच नाही. मग आवाज आला, थांबला, पुन्हा आला. माझ्या आयुष्यात कुठल्या आवाजाची मी इतकी वाट बघितली नसेल.

नव्वद मिली. कोऱ्या चहाचा रंग, पण जग कोमट होता. साडेचारला एकशे तीस. पावणेसहाला एकशे ऐंशी, रंग थोडा उजळलेला. रक्ताचा रिपोर्ट आला. किडनीला मार बसला होता, पण फार नाही. डॉक्टर ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी आज राहू दे. सकाळी परत बघू." सकाळी बघितलं तेव्हा आकडा आणखी वर गेला होता. गाडी लागलीच नाही. आठवड्याभरात आत्या स्वतःच्या पायानं, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून, एस.टी.त चढली.

भाऊबीजेला मला एक दिवसाची सुट्टी मिळाली. घरी पोचले तर ओटीवर गावच्या सात-आठ बायका, आणि मधोमध माहेरी आलेली आत्या. पायाची सूज पार उतरली होती.

"हीच ती!" ती ओरडली. "हिनं माझी लघवी मोजली!"

माझे कान तापले. शेजारच्या काकी पदरात हसायला लागल्या. आतून आई म्हणाली, "अहो वन्सं, सणाचं काय बोलताय!"

"का? लाजायचं काय त्यात?" आत्या म्हणाली. "लाजून मरत होते मी. ये गो इकडं. शेवटच्या दिवशी चोवीस तासांत किती झाली, सांग यांना."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी मान खाली घातली नाही.

"सोळाशे पन्नास मिली," मी म्हटलं.

"ऐका!" आत्या म्हणाली.