जमनाबाईंची दगडी भिंत

कुणाच्याही घरी गेल्या की जमनाबाई आधी भिंतीच्या बुडाला ओल आहे का ते बघत, मग छताकडे नजर टाकत आणि मगच बसत. कळमनुरीजवळच्या आमच्या शाळेत त्या खिचडी शिजवायच्या. राहायला पलीकडच्या तांड्यावर.

आम्ही घरासाठी जागा शोधत होतो. एक ओढ्याकाठी, बाजाराला जवळ. दुसरी तांड्याकडच्या माळावर. माळावर भूकंपाचे धक्के फार जाणवतात असं लोक सांगायचे, म्हणून आमचा कल ओढ्याकडे. जमनाबाई म्हणाल्या, "एकडाव मला दाखवा."

ओढा कोरडा होता. त्या एका बाभळीखाली थांबल्या. वर फांद्यांत वाळकं गवत आणि चिंध्या अडकल्या होत्या, माझा हात पोचणार नाही इतक्या उंच.

"मॅडम, हे वर कोनं टांगलं?"

मी मान वर करून बघितलं.

"पान्यानं," त्याच म्हणाल्या.

"पण माळावर जमीन हलते ना?"

"हलते की. खोटं काहून सांगू? माजी बहीण लातूरकडं दिली व्हती. भूकंपात दगडाच्या भिंतीखाली गेली. पर पान्याला आपन अडवू शकत न्हाई. घर कसं बांधायचं, ते आपल्या हातात हाय."

आम्ही माळावरच बांधलं, चांगले खांब आणि बीम घालून. पायाचं काम चाललेलं असताना त्या रोज शाळा सुटल्यावर यायच्या. गवंडी वैतागून म्हणाला, "मावशी, तुमी इंजिनीअर हाव का?" त्या म्हणाल्या, "न्हाई. पर हितं लेकरं झोपनार हायेत."

नंतर एकदा मी त्यांच्या घरी गेले आणि दारातच थबकले. दगड-मातीची, अंगावर यावी अशी जाड भिंत.

"जमनाबाई, आणि तुम्हीच अशा घरात?"

त्यांनी नजर वळवली. "मालकानं रचली. सारा उन्हाळा लागला त्याला. त्यो गेल्यावर हात लावू वाटंना."

गेल्या वर्षी परिपाठ चालू असताना धक्का बसला. पोरं मैदानातच होती. जमनाबाई शेगडी बंद करून घराकडे धावल्या. भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती आणि तिच्या कडेलाच त्यांची नात झोपलेली होती. तिला ओरखडाही आला नव्हता.

रविवारी मी गेले तर जमनाबाई बाजेवर उभ्या राहून भिंतीचे दगड काढत होत्या, सून खाली रचून ठेवत होती. अंगणात नवे पत्रे आणि लाकडं पडली होती.

"मजूर तरी लावायचे," मी म्हणाले.

"मालकानं एकेक दगड हातानं लावलाय. भूकंपानं पाडन्यापरीस आपनच उतरवू."

मी पदर खोचला. त्यांनी एक दगड माझ्या हातात दिला. मी तो ढिगावर टाकणार, तोच त्या म्हणाल्या, "हळू ठिवा, मॅडम."