उत्तर रेडिओवर द्या

हॅगर्टी खाडीत वर्ना टोलेफसनबाईंना न घाबरणारा माणूस शोधायचा म्हणजे बाहेरगावचा पाद्रीच गाठायला हवा. बाई हात कधी उगारत नसत, पण चष्म्यावरून अशा बघत की पोरांना छडी परवडली असती. गावातल्या चौथीच्या वर्गाला त्यांनी उभा जन्म शिकवलं. आता मासेमारीच्या बोटींचे कप्तान झालेले दाढीवाले बाप्ये अजूनही त्यांना बघून टोपी काढतात आणि हात खिशातून बाहेर घेतात.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. तो फार दिवस टिकला नाही. आमच्या रेडिओ स्टेशनचा व्यवस्थापक शहरातून आणलेला होता. अलास्काचा एक हिवाळा त्याने कसाबसा काढला आणि बर्फ वितळायच्या आत पळ काढला. मंडळाची बैठक चालू असताना बाई तक्रार घेऊन गेल्या. सकाळचा निवेदक भरतीची वेळ भरती येऊन गेल्यावर सांगतो, हे काय चाललंय? मंडळातले सगळे त्यांचेच विद्यार्थी. अध्यक्ष फ्लॉइड तर असा, की लहानपणी खडू खायचा. तो घाबरून म्हणाला, "बाई, मग तुम्हीच का नाही चालवत?"

"चालवते," बाई म्हणाल्या. "आधी नीट बस."

झालं. वर्गाच्या जागी स्टेशन आलं, बाकी काही बदललं नाही. मंडळाच्या बैठकीत कोणी कुठे बसायचं ते बाई ठरवू लागल्या. फ्लॉइड आणि त्याचा मेहुणा शेजारी बसले की खिदळतात, म्हणून एकाला खिडकीशी आणि एकाला दाराशी. वर्षातून एकदा वर्गणीचा आठवडा असतो. स्टेशन लोकांचं, जाहिराती नाहीत, तेव्हा लोकांनीच ते पोसायचं. आधीचा व्यवस्थापक त्या आठवड्यात रडकुंडीला येऊन विनवण्या करायचा. बाईंनी माइक हातात घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "ज्यांनी अजून दिलेलं नाही, त्यांची नावं मला माहीत आहेत." एवढंच. दुसऱ्या दिवशी दारात धुरावलेल्या साल्मन माशांच्या पेट्या, ब्लूबेरीच्या मुरंब्याच्या बरण्या आणि अर्धं हरीण येऊन पडलं.

पण बाईंचा खरा जीव होता संध्याकाळच्या निरोपांवर. खाडीच्या पलीकडे, बेटांवर, जंगलातल्या खोपटांत राहणाऱ्यांकडे फोन नाहीत, रेडिओ आहे. कोणाला काही कळवायचं असेल तर त्याने तेसी बाल्दोनादोच्या दुकानातल्या डब्यात चिठ्ठी टाकायची, सहा वाजता ती रेडिओवर वाचली जाते. गंमत अशी की ज्याचा निरोप आहे तो ऐकतोच, बाकीची खाडीही ऐकते. कोणाचं पोट बिघडलंय, कोणाची सासू येतेय, सगळं उघड. म्हणून बाईंनी नियम घातले. निरोप लिहिलाय तसा, दोनदा वाचायचा. वाचणाऱ्याने शेरा मारायचा नाही. आणि निरोपांची वेळ सोडून कोणीही, व्यवस्थापकानेसुद्धा, आपलं खाजगी रेडिओवर बोलायचं नाही. शहरातला तो शहाणा दर तासाला आपल्या मैत्रिणीला गुड मॉर्निंग करायचा, त्याचा बाईंना भयंकर राग होता.

त्या ऑक्टोबरमध्ये निरोप वाचणारी मुलगी पडशाने झोपली, आणि बाई स्वतः माइकसमोर बसल्या. तेसीने डबा आणून दिला, पण गेली नाही. दाराशी उभी राहून पदर नसताना पदर सावरल्यासारखं काहीतरी करत राहिली. बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. एकाचा होडीचा दोर, दुसरीच्या मुलीला बाळ, आणि मग तिसरी चिठ्ठी.

"हॅगर्टी रेडिओच्या वर्ना टोलेफसन यांना, ऑरिन नायगार्डकडून," बाईंनी वाचलं, आणि आपलं नाव वाचल्याचं ध्यानात यायच्या आत पुढे गेल्या. "उद्या दुपारच्या विमानाने मी बहिणीकडे ओरेगॉनला चाललोय. आता तिथेच राहीन म्हणतो. तुम्ही माझ्याशी लग्न करणार असाल तर जात नाही. उत्तर रेडिओवर द्या, माझ्याकडे फोन नाही. ताजा कलम, तुमच्याकडे मांजर नाही हे मला माहीत आहे."

मांजराचं असं होतं. ऑरिन खाडीपलीकडच्या वाळूच्या टोकावर एकटा राहायचा, बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. दर मंगळवारी गावात आला की स्टेशनच्या पायरीवर हॅलिबटच्या गालाचं मांस ठेवून जायचा. त्या माशात याहून चविष्ट काही नसतं. "तुमच्या मांजराला," म्हणायचा आणि पळायचा. बाई ते लोण्यात परतून खायच्या आणि मनात म्हणायच्या, बिचाऱ्याचा गैरसमज झालाय. अख्खी खाडी हे बघत होती आणि हसून लोळत होती. शहाण्या माणसाला स्वतःचं दिसत नाही ते असं.

नियम म्हणजे नियम. बाईंनी चिठ्ठी दुसऱ्यांदा वाचली. पहिल्यांदा हवामान वाचतात तशी वाचली होती. दुसऱ्यांदा 'लग्न' शब्दाशी आवाज पायरी चुकल्यासारखा खाली गेला, आणि त्या क्षणी त्यांना कळलं की आपल्याला हा माणूस हवा आहे. एकसष्टाव्या वर्षी, सगळ्या खाडीच्या कानांदेखत कळलं. लग्नाचं राहून गेलं याचं त्यांनी कधी दुःख केलं नव्हतं. आता तो जाणार म्हटल्यावर ते पहिल्यांदा झालं. मग त्यांनी पुढची चिठ्ठी उचलली आणि कोणाच्या तरी छपराच्या पत्र्याबद्दल दोनदा वाचलं.

लाल दिवा विझला तशी तेसी आत घुसली.

"बाई! अगं बाई! बोला ना काहीतरी!"

"तू चिठ्ठी वाचली होतीस."

"दुपारी वाचली, तेव्हापासून घास गिळला नाहीये मी! डबा दुकानात माझ्याच नाकाखाली असतो, मी काय डोळे काढून ठेवू? हो म्हणणार ना?"

"हो म्हणणार."

तेसीने अशी किंकाळी फोडली की खिडकीवरचा कावळा उडाला. "मग लावा तो माइक!"

"निरोपांची वेळ संपली. आता उद्या सहाला."

"उद्या सहाला तो ओरेगॉनात असेल!"

"उद्या धुकं आहे. मीच वाचलंय सकाळी. धुक्यात विमान उतरत नाही."

फोन खणखणत होता. फ्लॉइड होता. "बाई, मंडळाची फोनवरून तातडीची बैठक घेतली. तुम्हाला आत्ताच्या आत्ता उत्तर द्यायची परवानगी, एकमताने! मेहुणासुद्धा हो म्हणाला!"

"फ्लॉइड, माइक माझ्या बापाचा आहे का?"

"नाही बाई."

"तुझ्या?"

"नाही बाई."

"खाडीचा आहे. आज मी लग्न ठरवते, उद्या तू जुनं इंजिन विकशील. ठेव फोन."

सकाळी खाडीभर रेडिओ लागले होते. बाईंनी भरती सांगितली, वारा सांगितला, लाटांची उंची सांगितली. लोक वाऱ्याच्या दिशेतही अर्थ शोधत होते. दक्षिणेचा वारा म्हणजे हो असणार, असं बंदरावर दोघं पैज लावून बसले. बाईंनी खिडकीतून बघितलं. धुकं दाट होतं, विमानाच्या बापाला उतरता आलं नसतं. त्या खूश होऊन चहा प्यायल्या आणि मासळीच्या बातम्या चुकून दोनदा वाचल्या.

आणि मग दुपारच्या तोंडावर ऊन पडलं. आमच्याकडे ऑक्टोबरात ऊन पडलं की पोरं शाळेतून सोडतात, बायका गाद्या बाहेर टाकतात, असं ते दुर्मीळ. धुक्याचा पडदा बाजूला झाला, पलीकडचं वाळूचं टोक लख्ख दिसायला लागलं. बाईंनी त्या सूर्याला जे म्हटलं ते चौथीच्या कुठल्याच पोराला म्हणायची परवानगी नव्हती. वर आकाशात डेनीच्या पाण्यावर उतरणाऱ्या विमानाची घरघर ऐकू आली. डेनीही त्यांचाच, पाढे म्हणताना रडणारा.

बाईंनी माइककडे बघितलं. हात लांब केला तर पोहोचत होता. एक शब्द, फक्त 'थांब', कोणी काय फाशी देणार होतं? त्यांनी हात मागे घेतला. कपाटातून अकॉर्डियनच्या वाद्यवृंदाची स्टेशनवरची सगळ्यात लांब तबकडी काढली, लावली, आणि कोट न घालता धावत सुटल्या. टोलेफसनबाई धावतायत हे दृश्य बघून बेकरीवाल्याच्या हातून तवा पडला. धक्क्यावर स्वतःची लहान मोटरबोट होती, तिचं इंजिन एका झटक्यात चालू झालं, आणि बाई उभ्या राहूनच ती हाकू लागल्या. मागे गावभरच्या रेडिओंवर अकॉर्डियन वाजत होतं.

तबकडी संपली तेव्हा बाई खाडीच्या मध्यावर होत्या. स्टेशन गप्प झालं. एरवी रेडिओ शिंकेइतका वेळ गप्प राहिला तरी लोक फोन करून वाट लावतात. त्या दिवशी एकानेही फोन केला नाही. रेडिओ तसेच मुके चालू ठेवून सगळे बंदरावर आले, तेसीने दुकान उघडं टाकलं, आणि पाण्यावर बाईंच्या बोटीमागे पांढरी रेघ लांब लांब होत गेली ती बघत टाळ्या वाजवत बसले.

बाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्या वाळूवर पोहोचल्या तेव्हा विमान किनाऱ्याला टेकलेलं होतं आणि डेनी पंखाखाली उभा राहून सफरचंद खात होता.

"बाई, बरं झालं आलात," तो म्हणाला. "हे बघा ना, हलायलाच तयार नाहीत. रेडिओ बिघडलाय म्हणतात. उत्तर आल्याशिवाय पाय टाकणार नाहीत विमानात."

ऑरिन पायरीवर बसला होता. अंगात चांगला कोट, शेजारी सूटकेस, मांडीवर उघडलेला रेडिओ आणि हातात स्क्रूड्रायव्हर. आयुष्यभर दुसऱ्यांची इंजिनं चालू करणाऱ्या माणसाला आज एक स्क्रू बसवता येत नव्हता. त्याने वर बघितलं, पण कोण आलंय ते डोक्यात शिरलं नसावं.

"आत्तापर्यंत चांगला वाजत होता," तो म्हणाला. "नेमका आज बंद पडला. आवाजच येत नाही. त्यांनी काही सांगितलं असेल तर मला कसं कळणार?"

बाई घोट्यापर्यंत पाण्यात होत्या आणि केस सुटले होते. मग त्यांना हसू फुटलं. ते थांबेचना.

"रेडिओ चांगला आहे, ऑरिन," त्या म्हणाल्या. "स्टेशनवर कोणी नाहीये. मी इथे आलेय."

ऑरिनने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, सूटकेस उचलली आणि ती घरात नेऊन ठेवली.