एक जूनच्या सात मुली

मुंबईतल्या एका कचेरीत कॉम्प्युटरच्या प्रोग्रामच्या चाचण्या लिहिणं हे माझं काम. प्रोग्रामला काय द्यायचं आणि त्यातून काय निघायला हवं, ते आधी कागदावर मांडायचं. साहेब तपासायचे, कार्डं पंच व्हायची, प्रोग्राम चालायचा. हवं तेच निघालं की मी बरोबरची खूण करून कागद फाइलला लावायची. त्या चाचणीचं आयुष्य तिथं संपलं, असं मी खुशाल समजायची.

त्या वर्षी दहावीला बसणाऱ्यांची यादी करायची होती. दोनदा आलेला अर्ज एकदाच धरायचा. नाव कुणी घरचं लिहितं, कुणी शाळेतलं, म्हणून नावावर भिस्त नव्हती. आडनाव, गाव आणि जन्मतारीख जुळली की दुसरा अर्ज बाद. मी चाचणीसाठी छान छान तारखा रचल्या. सगळं बरोबर निघालं आणि मी ऐटीत रजा घेऊन साखऱ्याला घरी आले.

धाकट्या बहिणीनं कौतुकानं दहावीच्या अर्जाची नक्कल दाखवली. जन्मतारीख एक जून. शेजारी बसलेल्या चुलत बहिणीचीही तीच, वर्षही तेच.

“अजून कुणाची आहे ही तारीख?”

“आपल्या वस्तीतल्या दहावीच्या सातही पोरींची,” बहीण म्हणाली. “मास्तरानं समद्यांची एकच लिवली. ताई, तू काहून घाबरून राहिली?”

आमच्या बौद्ध वस्तीत आडनावही सगळ्यांचं एकच. आईबापांना तारीख ठाऊक नसायची, मास्तर शाळेत घालताना एक जून टाकून मोकळे व्हायचे. माझीसुद्धा तीच. ऑफिसात वाढदिवसांचा विषय निघाला की मी उठून जायची, आणि चाचणीत तारखा रचताना लाजेपोटी नेमकी तीच टाळली होती. प्रोग्रामच्या हिशेबी या सातही जणी म्हणजे एकच अर्ज, बाकीचे सहा बाद.

सकाळच्या एसटीनं हिंगोलीचं पोस्ट गाठलं. दोघी पोरी हट्टानं बरोबर आल्या. तिथून साहेबांना ट्रंक कॉल लावला. नोकरी गेलीच, असं मी धरून चालले होते. साहेब मात्र शांतपणे म्हणाले, “सातही अर्जांतली माहिती सांग. नवी चाचणी लावतो.”

दुपारी पुन्हा फोन लागला.

“सातांतलं एकच नाव उरलं,” साहेब म्हणाले आणि त्यांनी ते वाचलं. माझ्या बहिणीचं होतं. “यादी उद्या जायची आहे. आता बदल करायचा म्हणजे आठवडा जाईल. तुझी बहीण तर आहे ना यादीत?”

मला हायसं वाटलं. खरंच वाटलं.

चुलत बहीण माझा चेहरा बघून जवळ सरकली. “ताई, माझं नाव हाय ना त्यात?”

“व्हय,” मी तिच्याकडे न बघता म्हणाले आणि फोनमध्ये ओरडले, “साहेब, यादी थांबवा!”

यादी थांबली. सातही जणी परीक्षेला बसल्या. चुलत बहिणीला मात्र मी आजवर सांगू शकले नाही, की ती बाद झाल्याचं कळलं तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकला होता.