सातव्या दिवसाची नळी

प्रयोगशाळेत तिला सगळे बर्फताई म्हणत, कारण बर्फाच्या बादलीशिवाय ती कधी दिसायचीच नाही. एकोणीस वर्षं तिनं उंदरांच्या पायाचे स्नायू वाटून त्यातला आरएनए, म्हणजे कोणतं जनुक चालू आहे ते सांगणारा रेणू, वेगळा काढला होता. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणायच्या, "ताईंचं लेबल असलं की मी डोळे मिटून सही करते."

त्या सकाळी तिनं आरएनएचे पट्टे उमटणारी फिल्म धुऊन उजेडापुढं धरली आणि रकान्यांची लेबलं पुन्हा वाचली. एका एन्झाइमचं जनुक नवजात पिल्लांच्या स्नायूत जोरात चालतं, उंदीर मोठा झाला की जवळजवळ गप्प बसतं. इथं मात्र पायाची नस, म्हणजे मज्जातंतू, कापून सात दिवस झालेल्या मोठ्या उंदराच्या रकान्यातही पिल्लासारखाच ठसठशीत काळा पट्टा होता.

पिल्लाच्या आणि मोठ्या उंदराच्या नळ्यांची अदलाबदल! दुसरं काय असणार? काही महिन्यांपूर्वी फरशी बसवताना काच लागून नवऱ्याच्या गुडघ्यामागची नस तुटली होती. त्याला तपासणीसाठी दवाखान्यात न्यायचं म्हणून तिनं दोन्ही गटांचं काम एकाच दुपारी घाईघाईत उरकलं होतं.

तेवढ्यात मॅडम आल्या आणि फिल्म पाहून हरखल्या. "ताई, हेच तर शोधत होतो! परवाच्या भाषणात दाखवते."

ताईनं फिल्म पुन्हा हातात घेतली. गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता.

"मॅडम, माझ्याकडून नळ्या बदलल्या असतील."

"असतील म्हणजे? नक्की काय ते सांगा."

"नक्की सांगता येत नाही, हाच तर घोळ आहे."

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी फोन उचलून भाषण रद्द केलं. "स्नायूंचे राखून ठेवलेले तुकडे काढा. पहिल्यापासून करू."

चार दिवस दोघी कामापुरतंच बोलल्या. ताईनं लेबल लिहायचं, मॅडमनी मोठ्यानं वाचायचं. पाचव्या दुपारी फिल्म धुतली, तर पट्टा पुन्हा तिथंच. अदलाबदल झालीच नव्हती. नस तुटलेला स्नायू पुन्हा पिल्लासारखा वागू लागला होता.

ताईनं फिल्म खाली ठेवली. "मॅडम, म्हणजे आमच्या ह्यांच्या पोटरीतही असंच...?"

"हे उंदराचं आहे, ताई. मी खोटी आशा लावणार नाही."

"नका लावू."

घरी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो वाळलेल्या पोटरीकडे बघत हसला. "म्हणजे ही पाळण्यात गेली म्हण की! मग रांगणार कधी?"

ताईनं त्याचा पाय मांडीवर घेतला आणि डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे घोटा हळूहळू वर-खाली करू लागली.