लिंबाच्या पानातला धूर

बाबांना आपल्या हाताचा भारी अभिमान. नेरजवळच्या आमच्या शेतात त्यांनी लिंबाची चाळीस झाडं वाढवली. पावसाळ्यात पाऊस उघडला रे उघडला, की ते बागेत शिरत आणि झाडाझाडाच्या फांद्यांवरून हात फिरवून पाणी निथळवत. फुलात पाणी राहिलं तर फूल सडतं, असं त्यांचं म्हणणं. काट्यांनी हात सोलून निघायचे, पण कुणाचं ऐकतील तर शपथ.

यंदा पानांवर खरखरीत तपकिरी फोड आले, त्यांच्याभोवती पिवळी कडा. बाबा म्हणाले, खत कमी पडलं. मी शाळेत विज्ञान शिकवते. मला खैऱ्या रोगाचा संशय होता, म्हणजे जिवाणूंचा. एका रविवारी मी त्यांना पानांसकट शाळेच्या प्रयोगशाळेत घेऊन गेले.

फोडाच्या कडेचा बारीक तुकडा ब्लेडनं कापला, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. आधी काहीच दिसेना. मग कापलेल्या कडेतून उदबत्तीच्या धुरासारखं काहीतरी निघू लागलं. संथ, सलग, थांबायचं नाव नाही. ते सगळे जिवाणू होते. वीस वर्षं मी हा धडा शिकवला, फळ्यावर आकृत्या काढल्या, पण अंगावर असा काटा कधी आला नव्हता. मी इतकी हरखले, की बागेचं वाईट वाटायचंही राहून गेलं.

बाबांनी एक डोळा मिटून पाहिलं.

"जित्ते हायेत हे?"

"हो बाबा."

"मंग एका झाडावरून दुसऱ्यावर कसे जातेत?"

"पान ओलं असलं की पाण्यासोबत, वाऱ्यासोबत." इथं गप्प बसायला हवं होतं, पण मास्तरीण गप्प बसते कुठे. "हाताला लागूनही."

खिशातून रुमालात गुंडाळलेलं एक पान काढून बाबांनी माझ्यापुढे ठेवलं. बांधाकडच्या झाडाचं होतं, लांब काठीनं पाडलेलं. त्यात गांधीलमाश्यांचं पोळं, म्हणून तिकडे कुणी फिरकत नाही. पानावर एक डाग नव्हता. तरी मी तुकडा कापून पाण्यात ठेवला. थेंब नितळच राहिला.

"चाळीस झाडाईत हे एकच वाचलं," बाबा हळू आवाजात म्हणाले. "म्या ज्याले हात नाही लावला, थे."

मग त्यांनी पहिली पट्टी परत मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि पुन्हा त्या धुरावर वाकले.