‘मा.’ राहून गेला

निवृत्त झाल्यावर मी वाचनालयाचा वार्ताफलक लिहायला घेतला. चौकातल्या भिंतीवरचा काळा फळा, रोज सकाळी मी आणि खडू. एसटीची वाट बघणारी माणसं वाचायची, चुका काढायची, मला बरं वाटायचं. आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलेल्या बाईला आणखी काय हवं!

एके दिवशी मी एकच ओळ लिहिली : ‘सभागृह जनतेच्या पैशाचं, मग किल्ली आमदारांच्या घरी कशी?’ आमच्या धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न माझ्या आधी कुणाला पडला नसेल असं नाही. महिलांची सभा घ्यायला आम्ही तिथं गेलो तेव्हा कुलूप होतं, आणि “साहेबांना विचारून या” असं उत्तर मिळालं होतं. म्हणून मी साहेबांनाच विचारलं.

दुपारी पाच-सहा पोरं आली. त्यांचं म्हणणं किल्लीबद्दल नव्हतंच. मी ‘आमदार’च्या आधी ‘मा.’ लिहिला नव्हता! साहेबांचा अपमान झाला होता, आणि पोरांना काळं फासून निषेध करायचा होता. फळा मुळातच काळा, त्यामुळं त्यांची थोडी पंचाईत झाली. शेवटी ट्रॅक्टरचं जळकं ऑईल आणून त्यांनी फळ्यावर ओतलं. मला हसू आलं. वीसेक माणसं उभी राहून बघत होती, त्यातलं एकही हसलं नाही, तेव्हा माझंही हसू गेलं.

पोलिसांत तक्रार मात्र माझ्याच विरुद्ध झाली, आणि मला बोलावणं आलं. ठाण्यातला जमादार माझा विद्यार्थी. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला.

“बाई, एक अक्षर अन् एक टिंब. लिहून द्या की, चुकून राहिलं म्हणून. लई ताणू नका.”

“चुकून नाही राहिलं. प्रश्न विचारताना लागत नाही ते.”

“तुमचं खरं हाय. पण वरून फोन येतेत.”

मला राग आला. मी म्हटलं, “उद्देशिका आठवते का रे?”

तो खरंच उठून उभा राहिला आणि ‘आम्ही, भारताचे लोक’पासून शेवटपर्यंत घडाघडा म्हणाला. ‘विचार, अभिव्यक्ती’ या शब्दांवर अडखळलासुद्धा नाही. माझे डोळे भरून आले. मग तो खाली बसला, टोपी नीट केली आणि मऊ आवाजात म्हणाला, “पण बाई, ते शाळंतलं झालं.”

मी लिहून दिलं नाही. गुन्हाही दाखल झाला नाही. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण ऑईलवर खडू उमटेना. दोन महिने मी वाचनालयाच्या अध्यक्षांच्या मागं लागले, की फळा पुन्हा रंगवून द्या. ते “बघू, बाई” म्हणायचे आणि रस्त्यात मी दिसले की पलीकडच्या बाजूनं जायचे. शेजारणीनं एकदा विचारलं, “कशाला वाईटपणा घेताय?”

परवा अध्यक्षांचा स्वतःहून फोन आला. “बाई, फळा झाला. या लिहायला.”

मी लगबगीनं गेले. भिंत गुळगुळीत, काळीभोर. वरच्या बाजूला पिवळ्या ऑईलपेंटनं, पुसता येणार नाही असं, ठळक लिहिलं होतं : ‘सौजन्य : मा. आमदार साहेब’. खालची सगळी जागा माझी.

चौकातली भाजीवाली माझ्याकडं बघत होती. “झालं की बाई मनासारखं. आता लिवा काय लिवायचं ते.”

सभागृहाची किल्ली अजून साहेबांच्याच घरी होती. मी खडू टेकवला, पण त्या पिवळ्या अक्षरांखाली माझा प्रश्न अर्जासारखा दिसणार होता. मी आजची तारीख लिहिली आणि घरी आले.